फूटपट्टी बाईंची सही

फूटपट्टी हे नाव पोरांनी ठेवलं खरं, पण बाईंच्या हातात फूटपट्टी कोणी कधी पाहिली नव्हती. सरकारी शाळेत चौतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं आणि एकाही मुलाच्या अंगाला बोट लावलं नाही. गरजच पडली नाही. जीभ पुरेशी होती. अंगाने काटकुळ्या, ताठ, मान जरासुद्धा न झुकणारी. समोरच्याकडे चष्म्याच्या वरून अशा बघायच्या की माणूस नकळत पोट आत घ्यायचा आणि आपलं काय चुकलं ते आठवायला लागायचा. 'तू गाढव आहेस' असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. 'बस खाली. विचार करायचा त्रास घेऊ नकोस, तुला सवय नाहीये,' असं म्हणायच्या. शाळा सोडून वीस वर्षं झालेले बाप्ये त्या समोरून येताना दिसल्या की रस्ता ओलांडून पलीकडे जायचे.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर त्या दोन खोल्यांत एकट्याच राहत. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, त्याची कानस दिवसभर किरकिरायची. एकुलता एक मुलगा फ्रीज दुरुस्त करायचा, बसने तीन तासांच्या गावी. वर्षातून दोनदा यायचा, नळ, बिजागरी, काय बिघडलं असेल ते मुकाट्याने नीट करायचा आणि जेवण झालं की निघायचा. सून आणि नात क्वचितच यायच्या. "कामात असतात," असं बाई लोकांना सांगत, आणि लोकही ते पुढे विचारत नसत. बाईंना पुढे विचारायची छाती कोणाची?

रविवारी चर्च. डावीकडून तिसरं बाक, कडेची जागा. पाळकसाहेबांच्या उपदेशात किती वाक्यं अर्धवट सुटली ते त्या मनात मोजत बसायच्या. एकदा सतरा झाली. बाहेर पडताना हात मिळवून त्यांनी तो आकडा पाळकसाहेबांना सांगितलासुद्धा.

तर या चर्चमध्ये एका रविवारी बाहेरचा एक पाहुणा वक्ता आला. कोट, पातळ मिशी, पडद्यावर चित्रं. त्याने दीड तास बोलून मंडळींना पटवून दिलं की ख्रिस्ती आईबापांनी लेकरं सरकारी शाळेत धाडणं म्हणजे मेंढरं स्वतःच्या हाताने लांडग्यांच्या दारात बांधून येणं. मुलांचे पहिले गुरू आईबाप, घर हीच खरी शाळा, वगैरे. शेवटी दिवे लावले तेव्हा चार बायका डोळे पुसत होत्या. बाईंनी पिशवी उचलली आणि शेजारणीला म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी लांडगीण होते, आणि मला कोणी कळवलं नाही."

पुढच्या दोन महिन्यांत अकरा घरांनी मुलं शाळेतून काढली. चर्चमध्ये दोन तट पडले. मुलं घरी शिकवणाऱ्यांना लोक 'घरवाले' म्हणायला लागले, उरलेले 'शाळावाले'. घरवाले उजवीकडे बसायला लागले, शाळावाले डावीकडे. दोघांकडेही शास्त्रातली वचनं तयार, आणि ती एकमेकांच्या अंगावर अशी फेकायचे की जणू देवाने ती खास शेजाऱ्याचं तोंड बंद करायलाच लिहून ठेवली होती. घरवाले म्हणायचे, जगापासून लेकरं राखा. शाळावाले म्हणायचे, जगात दिवा होऊन जा.

बाईंना दोघांचीही कीव येत नव्हती, चीड येत होती. घरवाल्यांत निम्मे असे, जे आपल्या पोराचे दोन गुण वाढवून द्या म्हणून एकेकाळी त्यांच्या दारात उभे राहिले होते. तेव्हा शाळा सैतानाची नव्हती, नुसती गुणांची कंजूष होती. आणि शाळावाल्यांना दिव्याचं एवढं कौतुक की विचारू नका, पण 'तुमचा दिवा सध्या कोणत्या तुकडीत आहे हो?' असं विचारलं की बायकोकडे बघायचे. त्यांचा खरा धर्म एकच, आठ ते दोन पोरं डोळ्यांसमोरून नाहीशी व्हावीत.

हे सगळं बाईंनी लांबून पाहिलं असतं. पण शिक्षण खात्याचा नियम आडवा आला. मूल घरी शिकवायचं तर वर्षातून एकदा मान्यता असलेल्या शिक्षकाने घरी येऊन त्याची परीक्षा घ्यायची आणि फॉर्मवर सही करायची, सही नसेल तर मूल पुन्हा शाळेत. नोकरीतल्या शिक्षकांना हे काम करायला बंदी, आणि निवृत्तांपैकी अख्ख्या मंडळीत अशी मान्यता एकाच माणसाकडे होती. पाहुणा वक्ता हे सांगायला विसरला होता.

एकेक घरवाले जिना चढून आले. बसा म्हटलं तरी बसेनात, उभ्यानेच बोलायचे. बाईंनी कोणाला नाही म्हटलं नाही. एक तर काम नियमाचं होतं, आणि दुसरं, जे त्यांनी कोणापाशीच कबूल केलं नाही, आत जाऊन बघायची त्यांना हौस होती.

आणि पाहिलं ते सगळं. एका घरी आईने इतिहास जलप्रलयापर्यंत आणून सोडला होता आणि पुढे काही विशेष घडलं असं तिला वाटत नव्हतं. एका घरी मुलगा झाडांना पाणी घालायचा, त्याला विज्ञान म्हणत, आणि बहिणीशी भांडायचा, त्याला बहुधा नागरिकशास्त्र. एका घरी पृथ्वीचा गोल नवाकोरा, प्लास्टिकच्या कागदासकट. बाई विचारत, ऐकत, वहीत टिपत. जिथे पोर कच्चं असेल तिथे महिन्याची मुदत देऊन पुन्हा जात. शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या दोन मुली मात्र अशा तयार निघाल्या की फूटपट्टीला एकही खोट सापडेना. त्या मुली कापडाच्या मापातून अपूर्णांक शिकल्या होत्या, दोरा ओवताना बोलत होत्या आणि बरोबर बोलत होत्या. बाईंनी सही केली, पण इतक्या नाराजीने की कागदाला भोक पडलं.

मग पंपवाल्यांचं घर आलं.

पंपवाले म्हणजे पाण्याचे पंप विकणारे गृहस्थ, चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष आणि घरवाल्यांचे पुढारी. आवाज असा की प्रार्थनेत 'आमेन' म्हटलं की खिडकीची काच थरथरायची. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी वर्ग थाटला होता. फळा, चार डेस्क, भिंतीवर वेळापत्रक, आणि दाराशी पितळेची घंटा. रोज सकाळी आठला पंपवाले स्वतः घंटा वाजवत, प्रार्थना घेत, अर्धा तास बोलत आणि नऊच्या ठोक्याला दुकानात जात. मग उरलेला दिवस बायको. चार मुलं, त्यांतलं धाकटं कडेवर. गॅसवर एक भांडं, वॉशिंग मशीनमध्ये एक घाणा, आणि मधेमधे भूगोल.

त्या दिवशी पंपवाले मुद्दाम घरी थांबले होते. "विचारा बाई, काय विचारायचं ते. आमच्याकडे काही झाकून ठेवलेलं नाही."

थोरला बारा वर्षांचा. वाचून दाखवलं ते खणखणीत, बापासारखंच. बाईंनी पाटीवर वजाबाकी घातली, चारशे तीन वजा एकशे अठ्ठ्याहत्तर. मुलगा बराच वेळ पाटीकडे बघत राहिला. मग त्याने मोठ्यातून लहान वजा करत तीनशे पंचाहत्तर लिहिलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "तीन चतुर्थांश मोठा की दोन तृतीयांश?"

मुलाने एकदा बापाकडे पाहिलं. "देवाला दोन्ही सारखेच," तो म्हणाला.

पंपवाल्यांचा चेहरा फुलला. "ऐकलंत?"

"ऐकलं. देवाला सारखे असतील. पंपाच्या पाइपाला नसतात. तुम्ही गिऱ्हाइकाला तीन चतुर्थांशाच्या जागी दोन तृतीयांश देता का?"

"बाई, आमचा भर चारित्र्यावर आहे."

"असू दे की. चारित्र्यवान माणसाने हातचा घेऊ नये असं कुठे लिहिलंय?"

पंपवाल्यांनी घसा खाकरला. बायको दारात उभी होती, कडेवरचं मूल तिच्या कानातलं ओढत होतं. बाईंनी फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला, महिन्याने येते म्हणाल्या आणि निघाल्या. महिन्याने गेल्या. मुलाला आता 'देवाला दोन्ही सारखेच' याच्या पुढचं एक वचनही पाठ झालं होतं. वजाबाकी होती तिथेच होती.

बातमी पसरायला एक रविवार पुरला. पहिले खूश झाले ते हेडमास्तर. हे बाईंच्याच जुन्या शाळेचे, त्यांच्या हाताखाली नोकरीला लागलेले आणि आता शाळावाल्यांचे पुढारी. उपासना संपल्यावर त्यांनी बाईंना पायऱ्यांवरच गाठलं.

"बाई, तुम्ही हे सगळ्यांसमोर बोललं पाहिजे. घरी शिकवण्याचे काय दिवे लागतात ते कळू दे लोकांना."

"बोलते की. आधी तुमच्या सहावीच्या वर्गाला तीच वजाबाकी घालून येते. उद्या येऊ?"

हेडमास्तरांच्या सहावीत बासष्ट मुलं होती. त्यांना एकदम आठवलं की गाडी उन्हात उभी आहे.

मग पाळकसाहेब आले. भला माणूस, पण कोणालाच दुखवायचं नाही या नादात उभं आयुष्य तिरकं चालत आलेला. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

"बाई, एका सहीचा प्रश्न आहे. मंडळी फुटायला आलीये. तुम्ही मोठेपणा दाखवा."

"म्हणजे खोटं लिहू?"

"खोटं नव्हे हो. जरा… उदार नजरेने."

"पाळकसाहेब, वजाबाकीत उदार नजर नसते. उत्तर असतं."

त्यांना असं वाटेला लावलं, तरी खरं सांगायचं तर बाई कंटाळल्या होत्या. आयुष्यभर शब्दाला शब्द केला, आता अंगात तेवढा जोर राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फॉर्म काढून टेबलावर ठेवला. पोर पंपवाल्याचं, वजाबाकी पंपवाल्याची, होऊ दे वाटोळं. पेनाचं टोपण काढलं आणि नेमकं तेव्हाच दार वाजलं.

पंपवाल्यांची बायको होती. जिना चढून धाप लागलेली, कडेवर धाकटं, हातात रविवारच्या शाळेची हजेरीवही. वही परत द्यायचं निमित्त. ती परत करायची जागा पाळकसाहेबांचं घर, हे दोघींनाही माहीत होतं.

ती बाईंची विद्यार्थिनी होती. पाचवी ते सातवी, मधल्या रांगेत, वेणी. बाईंना ती आठवत होती ती एवढ्याचसाठी की तिला त्यांनी कधी काही बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि असं फार थोड्यांच्या बाबतीत झालं होतं.

ती टेबलावरच्या फॉर्मकडे बघत म्हणाली, "सही करू नका, बाई."

"का गं? तुझंच नाव आहे ना शिक्षक म्हणून खाली?"

"म्हणूनच." ती खुर्चीत बसली, आणि बसल्यावर तिचे खांदे खाली आले. "मला येत नाही शिकवता. मला येतं ते सगळं मी त्यांना दोन महिन्यांत सांगून टाकलं. आता धाकटं रडतं, मधली दोघं मारामारी करतात, थोरला म्हणतो तुला काय कळतं, आणि संध्याकाळी हे घरी येऊन विचारतात, आज देवाने आपल्या शाळेत काय केलं? मी काय सांगू? सकाळी आठ ते दुपारी दोन मला निदान नुसतं आई होऊ द्या. नाही, तेही नको. दोन तास मला कोणीच व्हायचं नाहीये."

"मग हे नवऱ्याला सांग. मला काय सांगतेस?"

"त्यांना कसं सांगू?"

"तोंडाने. तुझ्या जिभेला काय झालंय?"

बाईंच्या या स्वरावर भलेभले गप्प होत. ही झाली नाही. मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेत साधेपणाने म्हणाली, "तुमच्या मुलाने तरी कुठे तुम्हाला सांगितलं, बाई?"

"काय सांगितलं?"

"माझी मावसबहीण त्यांच्या शेजारीच राहते ना. तुमची नातपण घरीच शिकते. दोन वर्षं झाली. मला वाटलं, तुम्हाला…" आणि बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून ती थांबली.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. आयुष्यातलं त्यांचं हे पहिलं चुकीचं उत्तर नसेल, पण चुकीचं आहे हे ठाऊक असून दिलेलं पहिलंच असावं.

ती गेल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं. फॉर्म तसाच राहिला.

कमिटीची बैठक चर्चच्या मागच्या खोलीत भरली. लांब टेबल, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात तुटक्या पायाचं ऑर्गन. सहा बाप्ये आणि एका टोकाला पाळकसाहेब. पंपवाल्यांनी उभं राहून मुद्दा मांडला. बाई सरकारी शाळेच्या, त्यांना तिचा अभिमान असणार, तो स्वाभाविक आहे, पण त्या अभिमानापायी एका विश्वासू कुटुंबाला वेठीस धरणं…

"झालं?" बाई म्हणाल्या. "मग मी तीन प्रश्न विचारते. सोपे आहेत. तुमच्या मधल्या मुलीला पाढे कितीपर्यंत येतात?"

पंपवाले थांबले. "येतात. चांगले येतात."

"कितीपर्यंत?"

पंपवाल्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं.

"गेल्या आठवड्यात थोरल्याला कोणता धडा झाला?"

"ते मिसेस बघतात."

"तिसऱ्या नंबरचा अजून 'ड' उलटा काढतो. हे कधीपासून?"

पंपवाल्यांनी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर काही लिहिलेलं नव्हतं.

"तुम्ही रोज वर्ग घेता ना? वर्षभर घेताय. अहो, तुम्ही शिकवत नाही. तुम्ही घंटा वाजवता. आमच्या शाळेत घंटा वाजवणारा शिपाई होता, पण तो बिचारा तेवढ्यावर स्वतःला शाळा म्हणवून घेत नव्हता."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला. पंपवाल्यांचे कान लाल झाले. त्यांच्या बायकोने जिना चढून येऊन काय सांगितलं, याबद्दल बाईंनी ब्रसुद्धा काढला नाही. फॉर्म टेबलावर ठेवला, सहीची जागा कोरी, आणि बाहेर पडल्या.

शाळा उघडल्या तेव्हा पंपवाल्यांची मोठी तिन्ही मुलं दप्तरं पाठीला लावून सरकारी शाळेत गेली. त्यानंतरच्याच रविवारी पंपवाले साक्ष द्यायला पुढे उभे राहिले. पहाटेच्या प्रार्थनेत देवाने आपल्याशी स्पष्ट शब्दांत बोलून सांगितलं, की घरात पुष्कळ राखलंस, आता लेकरांना अंधारात दिवे म्हणून पाठव. शेवटी ते 'आमेन' म्हणाले. काचा थरथरल्या. घरवाल्यांनी डोळे पुसले, शाळावाल्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि फूटपट्टीच्या फॉर्मबद्दल देव काही बोलल्याचं कोणाच्या ऐकिवात आलं नाही. तिसऱ्या रांगेत त्यांची बायको बसली होती. तिची मान एका बाजूला कलली होती. भर चर्चमध्ये, मेणाच्या बाहुल्यांसारख्या ताठ बसलेल्या माणसांत ती गाढ झोपली होती.

आणि शाळेत काय झालं? थोरल्याला एक इयत्ता खाली बसवला. डेस्कमध्ये गुडघे मावत नव्हते. बासष्टांत तो त्रेसष्टावा. वजाबाकी त्याला तिथेही कोणी शिकवली नाही, पण तिथे ती आणखी वीस जणांना येत नव्हती, त्यामुळे त्याला सोबत मिळाली. हेडमास्तरांनी चर्चच्या पायऱ्यांवर बाईंचे आभार मानले. "आभार कसले मानताय," बाई म्हणाल्या, "शिकवा त्याला." गाडी त्या दिवशीही उन्हात होती.

हे सगळं उरकल्यावर बाईंकडे सबब उरली नाही. एका शुक्रवारी त्या बसमध्ये बसल्या आणि न कळवता मुलाच्या गावी गेल्या.

घर तळमजल्यावर, पुढे दुकान. उघडे पडलेले फ्रीज ओळीने उभे, आतली जाळी आणि नळ्या दिसणारे. सून इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला, ती सकाळीच गेलेली. मुलगा स्टुलावर बसून एका कॉम्प्रेसरचे नट काढत होता आणि पलीकडे एका आडव्या फ्रीजच्या दारावर वही ठेवून आठ वर्षांची नात गणित करत होती.

"आई?" मुलगा उठला. हाताला ग्रीस, त्यामुळे पाया पडावं की मिठी मारावी हा प्रश्न आपोआप सुटला.

"मला कळलंय," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं. सही कोण करतं?"

"आहेत इथे एक सर. ते… येतात, चहा घेतात, करतात."

"न बघता?"

"हो, जवळजवळ."

"म्हणजे चोर. आणि इथे तुझी आई, अख्ख्या भागात जिच्या सहीला लोक चळाचळा कापतात, ती तुला सापडली नाही?"

मुलाने पान्हा खाली ठेवला. तो हळू बोलणारा माणूस होता, लहानपणापासून. "आई, पाचवीत मी फळ्यावर गणित चुकलो होतो. तू मला पूर्ण तास तिथे उभं केलंस. मग वर्गाला म्हणालीस, 'हा माझा मुलगा आहे हे बाहेर कोणाला सांगू नका रे.' सगळे हसले."

बाईंना आठवत होतं. त्या तो किस्सा शिक्षकांच्या खोलीत कित्येक वर्षं सांगत आल्या होत्या. दरवेळी हशा यायचा.

"अरे, ती गंमत होती. मुलगा म्हणून सूट दिली असं कोणी म्हणू नये म्हणून… आणि त्यावरून तू एवढं मनाला लावून घेतलंस? तीस वर्षं? आणि म्हणून शाळा वाईट?"

"शाळा वाईट असं मी कुठे म्हटलं? तिकडे तुमची भांडणं चाललीयेत ना, घर बरं की शाळा बरी. मला गंमत वाटते. बाकीची पोरं शाळेत बोलणी खाऊन घरी यायची, आणि घरी सुटायची. मी घरी आलो तरी तूच होतीस. मला दोन्हीकडे तूच होतीस, आई."

दुकानात एक फ्रीज घरघरत होता. बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर त्यांच्याकडे नेहमी असायचं. या वेळी जे आलं ते सगळं वर्गात वापरून झालेलं होतं.

म्हणून त्या नातीकडे वळल्या. "दाखव बघू वही."

भागाकार होता. पायरी चुकलेली, शून्य गाळलेलं. आणि सवय ती सवय. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "शाबास. शून्य काय पाहुणं आलं होतं म्हणून परत पाठवलंस?"

पोरीने मान वर केली. ती घाबरली नाही, हसलीही नाही. "आजी, असं बोललीस तर मला चूक सापडणार नाही. मी तुझ्याच तोंडाकडे बघत बसेन ना."

मुलगा पुन्हा कॉम्प्रेसरवर वाकला होता. त्याच्या मानेवरून काहीच कळत नव्हतं.

बाईंनी पेन्सिल घेतली. गाळलेल्या शून्याच्या जागेवर, काही न बोलता, टोक ठेवलं आणि थांबल्या. एवढा वेळ गप्प राहणं त्यांना चर्चमध्येही जमलं नव्हतं. पोरीला चूक सापडली. मग पुढचं उदाहरण तिचं पुन्हा चुकलं. "भागाकार कच्चा आहे," बाई मुलाला म्हणाल्या. "माहितीये," तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात तेच घेणारे." "आत्ता का नाही?" "कारण आत्ता तिला फ्रीज उघडायचेत." यावर दोघांची चांगली जुंपली आणि बाई दुपारी दोनच्या बसला निघाल्या. मुलाने जेवून जा म्हटलं, राहा म्हटलं नाही. सहीचं कोणीच काढलं नाही.

थांब्यावर सोडायला नात आली. बस उशिरा होती. बाई बस कंपनीबद्दल, रस्त्याबद्दल आणि समोरच्या दुकानाच्या पाटीवरच्या शुद्धलेखनाबद्दल जे बोलायचं ते बोलून मोकळ्या झाल्या. पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, तुला काय येत नाही?"

असलं काही विचारायची चौतीस वर्षांत कोणाची हिंमत झाली नव्हती. बाईंनी बराच विचार केला. "पोहता येत नाही," शेवटी त्या म्हणाल्या.

"मला येतं. बाबांनी शिकवलं. मी शिकवू?"

"माझं वय काय, तुझं काय. काहीतरीच."

पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सहासष्ट वर्षांच्या फूटपट्टी बाई त्या गावच्या सार्वजनिक तलावात उतरल्या, उथळ बाजूला, कडेची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून. पाणी अस्वच्छ आहे असं त्यांनी रखवालदाराला सांगितलं. शेजारी पोहणाऱ्या एका जाड्या गृहस्थांची पद्धत चुकीची असल्याचं त्यांनी त्याच गृहस्थांना सांगितलं. मग नातीने हनुवटीखाली हात धरला आणि म्हणाली, "दांडी सोड, आजी."

"सोडते. घाई कसली आहे?"

त्या दिवशी त्यांनी दांडी सोडली नाही. पुढच्या खेपेला एका हाताने सोडली. चार महिने त्या जात राहिल्या. पोहायला त्यांना शेवटपर्यंत आलं नाही, पाठीवर तरंगता आलं, आणि तेही पोरीचा हात पाठीखाली असला तरच. मुलगा कधीमधी दुकान बंद करून तलावाच्या कठड्याशी येऊन उभा राहायचा. इकडे चर्चमध्ये घरवाले आणि शाळावाले अजूनही दोन बाजूंना बसतात. बाई डावीकडून तिसऱ्या बाकावर, कडेला. शनिवारी कुठे जाता, असं एकदा पाळकसाहेबांनी विचारलं.

"शिकवणीला," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशीच्या उपदेशातली अर्धवट वाक्यं किती झाली ते सांगून घराकडे चालू लागल्या.